अकरावा भारतीय

"बचावपटू म्हणजे संस्कृतीचा शेवटचा तट!" केन हॅलमनं जपानमधल्या कावासाकी शहरातल्या मैदानावर जाहीर केलं. अंगातली उसनी निळी जर्सी बेंबीच्या वरच थांबली होती. त्यामुळे तटाचा बराचसा भाग उघडाच होता.

केन इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत, जिथे प्रेक्षक खेळाडूला नावानं ओळखतात आणि नावानंच शिव्या देतात. कारकिर्दीत गोल एकच, तोही स्वतःच्या जाळ्यात. मग जपानी बायको आणि तिच्यामागून जपान. २००६ साली तो पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसात तिथल्या जपानी मंडळींना इंग्रजी शिकवत होता. क्लायंटच्या संघाशी मैत्रीचा सामना ठरला. भारतीय दहाच जमले, म्हणून केन अकरावा.

"केन-सान, एक काम होतं," टीम लीडर प्रल्हाद म्हणाला. "क्लायंटचे ते मोरिता-सान पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. जाण्याआधी आमच्या कॉन्ट्रॅक्टवर सही त्यांचीच. त्यांना एक गोल करू द्या ना! इथे गोल्फमध्येसुद्धा क्लायंटलाच जिंकू देतात."

"मला चकवून गेलेले पुष्कळ आहेत," केन म्हणाला. "मी वाट दिलेला एकही नाही."

"अहो, आमचे व्हिसा त्यावर आहेत," गोलकीपर उदय म्हणाला. "पोरगी आत्ता कुठे शाळेत रुळलीय."

केननं होकारार्थी मान हलवली.

मोरिता-सान पहिल्यांदा बॉल घेऊन आले. केनचं ठरलं होतं. पण त्याच्या पायाला कोणी मीटिंगला बोलावलं नव्हतं. पाय आपला पुढे गेला आणि बॉल घेऊन आला.

"सुमिमासेन!" केननं माफी मागितली.

दुसऱ्यांदाही तेच. पुन्हा सुमिमासेन.

"केन-सान, काय करताय काय!" प्रल्हाद रडकुंडीला आला.

तिसऱ्यांदा केननं पाय दुमडले आणि सरळ आडवा झाला. मोरिता-सान वळसा घालून गेले. उदयनं झेप घेतली, ती व्यवस्थित उलट्या बाजूला. गोल! दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. मोरिता-सानांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, इंग्लंडच्या माणसाला चकवलं, आता खुशाल रिटायर होतो.

केन पडूनच होता. गवत इतक्या जवळून त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. पण दरवेळी कोणीतरी पाडलेलं असायचं.

तेवढ्यात प्रल्हादची बायको नुपूर कॅमेरा सावरत धावत आली.

"केन-सान, सॉरी हं. मोरिता-सानना घरी दाखवायला फोटो हवाय, आणि माझ्याकडून नेमकं क्लिकच झालं नाही. तेवढं परत एकदा पडता का?"