एकोणिसावा इलेक्ट्रॉन

शाळेतल्या विज्ञानाच्या एकाच कायम जागेसाठी एकाच घरातल्या दोन सुनांनी अर्ज केला, तेव्हा सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "कुणालाही मिळो, घरातच राहील ना?" एवढं म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या.

धाकटी त्या शाळेत हंगामी शिकवायची. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणाचा पाय मोडला, की तिला बोलावणं यायचं. कायम जागा भरली की हंगामी बाईंची गरज उरणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी तिला सांगून ठेवलं होतं. मिळाली तर वर्ग, नाही मिळाली तर घर. मधलं काही नव्हतं. थोरलीने लग्नाआधी थोडंफार शिकवलेलं होतं, पण तिचा विषय वनस्पतिशास्त्र. मुलं मोठी होऊन आपापल्या उद्योगाला लागल्यावर तिला घर खायला उठलं आणि तिने अर्ज टाकला. तो टाकायचा तिलाही हक्क होताच. धाकटीने मनातसुद्धा त्याला नावं ठेवली नाहीत.

दोघींना निवड समितीपुढे एकच पाठ घ्यायचा होता : अणूची रचना आणि आवर्तसारणीची ओळख. आदल्या संध्याकाळी थोरली पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली.

"अगं, ते इलेक्ट्रॉनांचं जरा नीट सांग मला. कॉलेजात केलं होतं, आता सगळं उडून गेलंय डोक्यातून."

धाकटीच्या हातात पोळपाट होता. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"सांग गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "ज्ञान दिल्याने काय कमी होतंय? पण दुधाकडे लक्ष असू दे. तुमचे अणू सुटे होतील आणि माझं दूध उतू जाईल."

धाकटीने हात धुतले आणि आतून रिंगा आणल्या. भरतकामाच्या लाकडी रिंगा, लहानापासून मोठीपर्यंत एकीत एक बसवून दोऱ्याने बांधलेल्या. मध्ये लाल लोकरीचा गुंडा, ते अणुकेंद्रक. रिंगांवर अडकवायला शर्टाची जुनी बटणं, ते इलेक्ट्रॉन. हे सगळं तिने मोठ्या हौसेने याच पाठासाठी केलं होतं.

"आतल्या कवचात दोन मावतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा," बटणं अडकवत ती म्हणाली. "कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दुप्पट करायचा, की किती मावतात ते कळतं. सोडिअमचे अकरा. दोन, आठ, एक. बघा."

"अय्या, किती सोपं आहे गं! आणि आम्ही नुसती घोकंपट्टी करायचो."

"धड्यात पहिली अठराच मूलद्रव्यं आहेत, वहिनी. अरगॉनपाशी थांबायचं."

"थांबते बाई. अठरा पाठ होतील तेव्हा पुढचं." थोरलीने रिंगा हातात घेऊन फिरवून पाहिल्या. "या उद्या मी वापरल्या तर चालेल ना? मग तू वापर."

"वापरा की," धाकटी म्हणाली. तेवढ्यात दूध वर आलं.

त्या शाळेची एक पद्धत होती. पाठीमागे काय झालं अशी कुरबुर नको, म्हणून दोन्ही उमेदवारांनी एकाच वर्गावर लागोपाठ पाठ घ्यायचा आणि एकीच्या पाठाला दुसरीने शेवटच्या बाकावर बसायचं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "आधी कोण?" धाकटीचे पाय आपोआप मागे सरले. घरात प्रत्येक दारातून थोरलीच आधी जायची. इथेही तीच गेली.

थोरलीचा पाठ बहारदार झाला. आवाज खणखणीत, हात मोकळे. रिंगा वर धरल्या तसा वर्ग पुढे झुकला. बटणं अडकवायला तिने मुलांनाच बोलावलं. मध्येच धाकटीने काल सांगितलेलं वाक्य टाकलं, "हा हेलिअम बघा, घर भरलेलं, म्हणून कुणाशी बोलत नाही!" मुलं खिदळली. खिडकीपाशी समितीचे तिघे बसले होते : मुख्याध्यापिका, संस्थेचे चिटणीस आणि बाहेरून बोलावलेले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मुख्याध्यापिका मुलांबरोबर हसल्या. शेवटच्या बाकावर धाकटी मांडीवर हात ठेवून बसली होती. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून किती छान वाटतं, असं तिला वाटलं आणि मग वाईट वाटलं.

पाठ संपता संपता पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, अरगॉननंतर काय? एकोणिसाव्याचे कसे लिहायचे?"

थोरलीने खडू उचलला. "तूच सांग. तिसऱ्या कवचात किती मावतात? अठरा. बसले किती? आठ. मग जागा आहे की नाही? नववा तिथेच बसणार!" आणि फळ्यावर ठसठशीत लिहिलं : पोटॅशिअम, २, ८, ९.

प्राध्यापकांनी चष्मा वर केला आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. धाकटीने ते पाहिलं. आनंद झाला म्हणावं तर तेही तिला कबूल करवेना.

मग तिची पाळी आली. तिने रिंगा उचलल्या, तशी मागून कुजबुज आली, "हे झालं, बाई." तिने त्या खाली ठेवल्या. मनात देवाचं नाव घेतलं आणि भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे गेली.

"आत्ता जे शिकलात ते इथे कुठे दिसतं, ते शोधू या," ती म्हणाली. तिचा आवाज मुळात हळू. तो ऐकायला वर्ग शांत झाला. "पहिला उभा स्तंभ बघा. लिथिअम. कसं लिहाल?"

"दोन, एक."

"त्याखाली सोडिअम?"

"दोन, आठ, एक."

"दोघांत सारखं काय?"

"शेवटी एक!"

"म्हणून दोघं एका गणात. पाण्यात टाकले तर दोघंही चवताळतात."

वर्ग हळूहळू तिचा होत होता. मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं होतं. तेवढ्यात मधल्या बाकावरचा चष्मेवाला मुलगा उठला.

"बाई, सोडिअमच्या खाली पोटॅशिअम आहे. मग त्याच्याही शेवटी एक पाहिजे. पण आधीच्या बाईंनी नऊ लिहिलेत."

सगळ्या वर्गाने मान वळवून आधी फळा पाहिला आणि मग शेवटचा बाक. थोरली ताठ बसली होती.

ते पुढच्या इयत्तेत शिकाल, हे उत्तर धाकटीच्या ओठांवर होतं. ते कुणीही देतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तो मुलगा उभा होता, सारणीकडे बोट करून, आणि त्याचं बरोबर होतं. त्याला खाली बसवायचं म्हणजे बरोबर विचार केल्याबद्दल गप्प करायचं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "दोन, आठ, आठ, एक. तिसऱ्यात जागा असते, तरी एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात जातो. तिथे त्याला कमी ऊर्जा लागते. जिथे कमी ऊर्जा लागते तिथे तो आधी जातो." आणि अगदी हळूच, जणू फळ्याला लागेल, असा तिने तो नऊ पुसला.

दुपारी दोघींना कार्यालयात बोलावलं.

"पोटॅशिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण यांनी सांगितलं ते बरोबर," प्राध्यापक धाकटीकडे हात करून म्हणाले. एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना निघायचं होतं.

"असेल हो," चिटणीस म्हणाले. "पण एका घरातल्या जावा, आणि भर वर्गात एकीने दुसरीचं पुसायचं? उद्या स्टाफरूममध्ये काय होईल?"

"चूक काय, पुस्तक बघून सुधारता येते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आमच्याकडे शिक्षक एकमेकांना सांभाळून घेतात. आणि खरं सांगू? त्या रिंगा! स्वतःच्या हाताने असं साहित्य तयार करणारी बाई आम्हाला हवीच होती." त्या थोरलीकडे बघून हसल्या.

रिंगा कुणाच्या ते थोरली सांगेल म्हणून धाकटी वाट पाहत राहिली. थोरलीने पर्सचा बंद सारखा केला, मग चेन उघडली, मग लावली.

बोलली ती घरी आल्यावर, सासूबाईंसमोर. "मला अठरापर्यंतच शिकवलंस. एकोणिसावं मुद्दाम हातचं राखलंस, मी तोंडघशी पडावं म्हणून."

"धड्यात अठराच आहेत, वहिनी. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरगॉनपाशी थांबायचं."

"थांबा म्हणालीस. पुढे खड्डा आहे म्हणालीस का?"

सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं. तिला आधाराची आशा वाटली. "एवढं येत होतं तर सांगून टाकायचं, बाई," त्या म्हणाल्या. "घरात कसली चढाओढ?" धाकटीच्या नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "जाऊ दे ना आता. तिला मिळाली म्हणजे आपल्यालाच मिळाली." त्याला ते खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच त्याच्याशी भांडताही येईना.

नवं सत्र सुरू झालं. थोरली सकाळी डबा घेऊन जायची, तो धाकटी भरायची. एके दिवशी संध्याकाळी थोरली वरच्या इयत्तेचं पुस्तक घेऊन तिच्यापुढे येऊन बसली.

"आता एकोणिसाच्या पुढचं सांग. उद्या घ्यायचंय. आणि या वेळी सगळं सांग हं."

धाकटीला नाही म्हणता आलं असतं. तो शब्द तिने तोंडात धरूनही पाहिला. पण वरच्या इयत्तेत गेलेला तो चष्मेवाला मुलगा उद्या वर्गात असणार, आणि त्याला जे सांगितलं जाईल ते तो लिहून घेणार. तिने पुस्तक जवळ ओढलं.

"पोटॅशिअम दोन, आठ, आठ, एक. विसावं कॅल्शिअम. दोन, आठ, आठ, दोन."

"बरं. एकविसावं?"

"स्कँडिअम. इथे चौथ्यात दोन झाल्यावर पुढचा मागे फिरतो, तिसऱ्यात. दोन, आठ, नऊ, दोन."

थोरलीचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हणजे तिसऱ्यात नऊ बसतात! आई, ऐकलंत का? मी तेच सांगितलं होतं वर्गात. आणि हिने पुसलं."

"हो का?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "मग तेव्हा कशाला गं पुसलंस, धाकटे?"

धाकटीने तोंड उघडलं. एकोणीस आणि एकवीस यांतला फरक समजावायला फार वेळ लागला नसता. घरातल्या दोघातिघांपैकी कुणी ऐकणारं असतं तर.

"बाविसावं टायटॅनिअम," ती म्हणाली.