थोरल्या बहिणीला शेत

ताईचं पत्र आलं त्याच दिवशी त्याने उत्तर लिहायला घेतलं होतं. तिने विचारलं होतं एवढंच: "ओढ्याकडच्या तुकड्यात लिंबं लावीन म्हणते. फळ धरायला वर्षं जातात. शेत तुझ्या नावावर, तेव्हा पुढे तुझ्या मनात काय आहे ते कळव."

वडिलांनी शेत मुलाच्या नावावर केलं आणि त्यात राबली ती मुलगी. तो शहरात छापखान्यात मुद्रितं तपासत बसला. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, पण हे एक उत्तर काही त्याच्याच्याने पुरं होईना. 'तुला देतो' लिहिलं की उपकार केल्यासारखं वाटे. 'तुझंच आहे' लिहिलं की मग इतकी वर्षं गप्प का बसलास, असं कुणीतरी कानाशी विचारी. लागवडीचा हंगाम सरला, पुढचाही सरला. ताईने पुन्हा विचारलं नाही.

शेवटी त्याने पळवाट काढली. मृत्युपत्र करायचं. आपल्यामागे शेत ताईला, म्हणजे तोंड दाखवायला नको.

वकीलबाईंच्या खोलीत तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पिशवी या हातातून त्या हातात चालली होती. शेजारी बायको स्वस्थ बसली होती.

"बहीण वयाने केवढ्या?"

"माझ्याहून बरीच मोठी. मला कडेवर घेऊन हिंडायची."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "काका, म्हणजे आधी तुम्ही जायचं, मग त्यांनी झाडं लावायची, आणि फळ धरेपर्यंत जगायचंही त्यांनीच?"

"यांना कशाचीच घाई नसते हो," बायको म्हणाली. "लग्नाला होकार द्यायलाही माझ्या वडिलांना खेटे घालायला लावले."

"हयातीतच द्या. बक्षीसपत्र करू. पण विचार करा, दिलं की परत मागता यायचं नाही."

तो उठला. बाहेर जाऊन पाणी प्यायला, आत डोकावला, पुन्हा बाहेर आला. परत मागता यायचं नाही, हेच टोचत होतं. शहर त्याला कधी मानवलं नव्हतं. भाड्याच्या खोल्यांतून 'आपलं शेत आहे' एवढ्यावर त्याने दिवस रेटले. तिकडे राहायला तो कधीच जाणार नव्हता. जाता येईल, एवढं फक्त वाटत राहायला हवं होतं. आणि त्यापायी ताईने तो तुकडा रिकामा ठेवून वाट बघायची.

बायको बाहेर आली. "शेत हवंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"नको, असंही म्हणवत नाही."

"तसंच लिहा ताईंना. त्यांना चालेल."

टपाल कार्यालयातल्या डगमगत्या टेबलावर त्याने उभ्यानेच लिहिलं: "ताई, शेत हातून सुटत नव्हतं म्हणून उत्तर दिलं नाही. आता मी असतानाच तुझ्या नावावर करतो आहे. सहीला ये. मला अजून जड जातंय, ते तू मनावर घेऊ नकोस."

पुन्हा वाचलं तर खोडाखोड होणार, हे ठाऊक असल्याने त्याने लगेच पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. हात मात्र फटीतच राहिला.

"आजोबा, गेलं ते," मागचा माणूस म्हणाला. "आता हात काढा."