निळ्या चिंधीच्या आठ

कोंबड्या पाळण्याबद्दल आमच्या वॉर्डाच्या नियमात तीनच ओळी आहेत. एका घराला जास्तीत जास्त दहा पक्षी. ज्याचे पक्षी त्याच्याच आवारात. खुराडं झाकलेलं आणि स्वच्छ. कोंबड्यानं किती वाजता आरवावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि तक्रारी मात्र सगळ्या आरवण्याच्याच येतात. मी आरोग्य निरीक्षक. नऊ वर्षं लोकांची गटारं, डुकरं आणि भांडणं बघते आहे. त्यामुळे शिवाजी पेठेतला दादासो अर्ज घेऊन आला तेव्हा मला ना राग आला, ना कळवळा.

अर्जात लिहिलं होतं की शेजारच्या हुसेनबी यांचा कोंबडा पहाटे चारपासून आरवतो, मुलगी संघप्रिया हिचा डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास त्यामुळे बुडतो, शिवाय पिसं खिडकीतून आत येतात. मी सांगितलं, आरवण्याचं मला काही करता येणार नाही, एकूण पक्षी किती आहेत ते सांगा. पंधरा-सोळा तरी असतील, तो म्हणाला. मग येते म्हटलं.

भांडण कोंबड्याचं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी हुसेनबीच्या मुलानं, अल्ताफनं, मोरीचं पाणी आपल्या बाजूला सोडलं असं दादासो म्हणतो. ते आधीपासून तिकडंच जात होतं असं अल्ताफ म्हणतो. शेवटी दोघांनी मिळून दोन परड्यांच्या मध्ये भिंत घातली. मिळून केलेलं त्यांचं ते शेवटचं काम. त्यानंतर बोलणं बंद झालं, आणि त्या उंबऱ्यात कुणी पाय टाकायचा नाही असं दादासोनं घरात बजावलं. कुणी म्हणजे त्याची आई आक्काताई, कारण दुसरं कुणी जातच नव्हतं.

पुढचं मला उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते. फार वर्षांपूर्वी आक्काताईनं गगनबावड्याकडच्या माहेराहून दोन तलंगा, अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणून हुसेनबीला अर्धलीनं दिल्या होत्या. म्हणजे कोंबडी एकीची, राखायची दुसरीनं, पिल्लं निम्मी निम्मी. खेड्यात शेळ्यांचं असं चालतं, या दोघींनी पेठेत कोंबड्यांचं चालवलं. भिंत झाली तेव्हा बाकी सगळं थांबलं, वाटणी थांबली नाही. पिल्लं जरा मोठी झाली की दादासो बँकेत कामाला गेल्यावर आक्काताई गल्लीला वळसा घालून यायची, आपल्या वाट्याची पिल्लं निवडायची, त्यांच्या पायात आपल्या जुन्या लुगड्याची निळी चिंधी बांधायची, ती तिथंच ठेवायची आणि चहा पिऊन परत जायची. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. दोघींचं भेटणं तेवढंच उरलं होतं. कोंबड्या गेल्या की तेही संपणार होतं, आणि हे त्या दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मुकादम सयाजीला आणि पिंजऱ्याच्या गाडीला घेऊन मी गेले. अल्ताफ गॅरेजला गेला होता. दादासो रजा काढून आपल्या गच्चीच्या जिन्यात उभा होता, तिथून हुसेनबीचं परडं पूर्ण दिसतं. हुसेनबी साठी ओलांडलेली, किरकोळ अंगाची बाई. तिनं काही लपवलं नाही, उलट मोजायला मदत केली. सोळा भरल्या. खुराडं इतकं स्वच्छ होतं की मी पाहिलेली काही हॉटेलांची स्वयंपाकघरं त्यापुढं लाजली असती. सोळांतल्या आठांच्या पायात निळी चिंधी होती. त्यात कोंबडाही आला.

ही चिंधी कसली म्हणून मी विचारलं. हुसेनबीनं एकदा जिन्याकडं पाहिलं.

"नुसती खूण हाय," ती म्हणाली. "समदी माझीच हाईत."

माझं आजोळ मलकापूरचं. एकाच घरच्या कोंबड्यांना कुणी खूण करत बसत नाही, एवढं मला कळतं. मी तिला समजावून सांगितलं की यातल्या काही दुसऱ्या कुणाच्या असतील तर तसं सांगा, दोन घरांना वीस चालतात, एकही उचलावी लागणार नाही. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या नाहीत. मला त्या बाईचा खरोखर संताप आला. एक नाव घेतलं असतं तर काम मिटत होतं, आणि ते नाव ती जिन्यातल्या माणसासमोर घेणार नव्हती. मी पंचनाम्यात लिहिलं, पक्षी सोळा, मालक हुसेनबी, जादा सहा. कुठले सहा द्यायचे ते तुम्हीच ठरवा म्हटलं.

ती क्षणभरही थांबली नाही. बिनचिंधीच्या घ्या, म्हणाली.

म्हणजे स्वतःच्या आठांतल्या सहा. सयाजी पकडायला लागला. गावठी कोंबडी सहज हाती लागत नाही, त्यात त्याचं पोट सुटलेलं. परडंभर कलकलाट झाला. पाच पिंजऱ्यात गेल्या आणि सहावी त्याच्या हातात आली, तेव्हा भिंतीपलीकडून एक पांढरं डोकं वर आलं. आक्काताई पलीकडं पाट्यावर चढून उभी होती.

"सोड ती," ती सयाजीला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "निळ्या चिंधीच्या आठ माज्या हाईत. लिवा तसं."

दादासो जिन्यातून म्हणाला, आई, खाली उतर. तिनं मान वर केली नाही.

"अर्धलीच्या हाईत," ती म्हणाली. "तू चड्डीत हुतास तवापासनं."

दादासोच्या अर्जावरूनच मी आले होते, आता मला परत जा म्हणण्याचीही त्याला सोय नव्हती. मी पहिला पंचनामा रद्द करून दुसरा लिहिला. हुसेनबी आठ, आक्काताई आठ, दोन्ही घरं नियमात. पिंजरा उघडला, कोंबड्या बाहेर आल्या, सयाजीनं घाम पुसला.

इथं मी थांबायला हवं होतं. पण नियमाला दुसरी ओळ आहे, ज्याचे पक्षी त्याच्याच आवारात. मी ती वाचून दाखवली. आक्काताईच्या आठ त्याच वेळी पलीकडं द्याव्या लागल्या. कोंबडाही आपल्याच घरी येणार हे दादासोच्या तेव्हा लक्षात आलं. तो तिकडंच राहिला तर चालेल का, त्यानं विचारलं. चालणार नाही म्हटलं. हुसेनबी एकेक पक्षी भिंतीवरून वर धरत होती, आक्काताई घेत होती. आठवा पक्षी दिल्यावर हुसेनबीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता वाटायला काय राहिलं, एवढंच ती म्हणाली, आणि मला तेव्हा सगळं समजलं. मला फार वाईट वाटलं. मी कोंबड्या वाचवल्या होत्या आणि त्या ज्यासाठी होत्या तेच मोडून ठेवलं होतं. सह्या घेतल्या आणि निघाले.

पंधरा दिवसांनी फेरतपासणी असते. दिवसभर दुसरीकडं अडकले म्हणून संध्याकाळी सहाला पोचले. दादासोकडं नवं खुराडं होतं, झाकलेलं, स्वच्छ, आणि पूर्ण रिकामं. आक्काताईही घरात नव्हती. दादासो पेपर वाचत होता. त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं.

गल्लीला वळसा घालून मी हुसेनबीकडं गेले. निळ्या चिंधीच्या आठही तिच्या खुराड्यात आपापल्या जुन्या जागी बसल्या होत्या. दिवस कलला की भिंतीवरून उडून येतात म्हणे. आक्काताई डालगं शेजारी ठेवून पायरीवर बसली होती, हातात चहा. तिनं सांगितलं, रोज येते, आपले पक्षी डालग्यात घालून घरी नेते, सकाळी सोडते. मुलगा आडवा आला का, मी विचारलं. पहिल्या दिवशी आला होता. मग तिनं त्याला नियम सांगितला, ज्याचे पक्षी त्याच्याच आवारात, आणायला तर जावंच लागणार. पहाटे चारला कोंबडा आता दादासोच्या खिडकीखाली आरवतो, आणि संघप्रिया त्याच आवाजावर उठून अभ्यासाला बसते.

मी तिथंच रिपोर्ट लिहिला. पक्षी दररोज मालकाच्या आवारात नेले जातात, नियमाचं पालन होत आहे. मग राहवलं नाही म्हणून आक्काताईला म्हटलं, नव्या खुराड्यात चार दिवस कोंडून ठेवल्या की कोंबड्या तिथल्याच होतात, पुन्हा भिंत ओलांडत नाहीत.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली.

हुसेनबी माझ्यासाठी कप विसळत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण ती हसत होती.