जुन्या गाडीच्या मुठी

तिनं मोटारसायकलच्या हँडलची जुनी मूठ दुकानाच्या काउंटरवर आपटली. रबर इतकं चिकट झालं होतं, की मूठ तिथंच चिकटून बसली.

"याची जोडी द्या."

दुकानदारानं ती दोन बोटांनी सोडवली, भोकात डोकावून पाहिलं. "ही डावी. उजवी कुठं आहे?"

"माणसाचे दोन्ही हात सारखे असतात. मुठीही सारख्याच असणार."

"हात सारखे, मावशी, हँडल नाही. उजवी मूठ अ‍ॅक्सिलरेटरच्या नळीवर चढते, तिचं भोक मोठं. त्यात ही गाडी कारखान्यातून निघायची बंद झाली त्याला वीस वर्षं झाली. माप बघितल्याशिवाय काय देऊ?"

"एवढं दुकान थाटलंय आणि गाडी ओळखता येत नाही?"

"गाडी ओळखली. मधे कुणी नळी बदलली असेल, ते कसं ओळखू?"

तिनं काउंटरवरची मूठ उचलली. ती तरातरा घरी आली.

उजवी मूठ निघेना म्हणून सकाळी तिनं भाजीच्या सुरीनं उभी चिरून कचऱ्यात टाकली होती. आता अंगणात बादली उपडी करून ती शोधायला बसली. सून धावत आली.

"अहो आई, मी काढते ना! हात बघा तुमचे, कोळसा झालाय नुसता."

"तू दुधाकडे बघ. उतू जाईल."

मूठ सापडली तेव्हा तिनं खिडकीकडे पाहिलं. आत नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आज नववा दिवस.

हातांना कंप सुटल्यापासून त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं. पण रोज दुपारी स्टँडवरच्या गाडीवर जाऊन बसायचा आणि मुठी धरायचा. धरल्या की हात थांबायचे. घटकाभर का होईना, थांबायचे. फक्त जुनं रबर विरघळायला लागलं होतं. तळवे काळे, मग चादरी काळ्या, उशांचे अभ्रे काळे. नऊ दिवसांपूर्वी, लेक-सून जेवायला बसलेली असताना, ती म्हणाली होती, "घास धरवत नाही आणि गाडी धरायला निघालेत! यांची घाण धुता धुता माझे हात झिजले."

कुणी हसलं नाही. एरवी तिच्या बोलण्याला तोच आधी हसायचा, फौजदार म्हणायचा तिला. त्या दिवशी त्यानं चमचा खाली ठेवला. तेव्हापासून तो अंगणात उतरला नव्हता.

दुकानदारानं चिरलेली मूठ दोन बोटांनी जुळवून धरली. माप घेतलं, माळ्यावरचं खोकं काढलं आणि धूळ झटकून एक जोडी पुढं केली.

"साबणाचं पाणी लावून सरकवा. एक दिवस सुकू द्या, नाहीतर हातात फिरतील. मुलाला सांगा..."

"मला हात आहेत."

मुठी बसल्या. तिच्या बोटांवरचा काळा चिकटा मात्र साबणानं गेला नाही, आणि रॉकेलनंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगाशी जाऊन उभी राहिली. काय म्हणायचं ते काल दुकानातून येताना जुळवलं होतं, ते काही तोंडातून निघालं नाही.

"नवीन आणल्यात. बसून तर बघा."

तो उठला. भिंत धरत, दार धरत गाडीपाशी आला, सीटवर बसला. मुठी धरल्या. हात थांबले.

आता फौजदार म्हणेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

थोड्या वेळानं त्यानं मुठी सोडल्या. दोन्ही तळवे उताणे करून, जेवायला बसण्याआधी लहान मुलानं दाखवावेत तसे, तिच्यापुढं धरले. ते पुन्हा थरथरायला लागले होते.

"बघ," तो म्हणाला, "काही लागलं नाही."

तिनं आपले हात पाठीमागे नेले.