ऑर्लीनाचं डावं पाऊल

माझ्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली आहे, जन्मापासून. आई म्हणायची, ही पोटातसुद्धा धड रांगेत उभी राहिली नसणार. आमच्या लाइम क्रीक गावातल्या बायांना हे बोट चांगलं ठाऊक आहे. आमच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधी पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पुरुष पुरुषांचे आणि बाया बायांचे धुतात. पत्र्याचं घमेलं, कोमट पाणी, पांढरा टॉवेल. माझे पाय गेली तीस वर्षं इडा मे कॉगबर्न धुते. माझ्या सुनेनंही हे बोट इतक्या जवळून पाहिलेलं नाही.

हेच बोट गावच्या म्युझियममध्ये काचेखालीही आहे. दगडात, दुप्पट मोठं.

साठ वर्षांपूर्वी, लागोपाठच्या दुष्काळात, आमच्याकडे कापूस उगवत नव्हता, पण ओढ्याच्या पात्रात डायनोसॉरची तीनबोटी पावलं ढिगानं होती. ती खरी. डॅलसकडचे मोटारवाले लोक ती दगडासकट विकत न्यायचे. कुणीतरी एकदा विचारलं, माणसाचं पाऊल नाही का? झालं. पुढच्या महिन्यापासून माणसांचीही पावलं सापडू लागली. गावात पाचसहा जण कोरायचे, आणि त्यांत ओडेल टॅकेटसारखा हात कुणाचा नव्हता. इतरांची पावलं पोळपाटासारखी सपाट. ओडेलच्या पावलात टाच रुतलेली दिसायची, चिखल बाजूला सरलेला दिसायचा.

तो वीस वर्षांचा, मी सतरा. त्यानं माझा डावा पाय मांडीवर घेतला, दोरीनं मापं काढली आणि प्रत्येक माप दुप्पट केलं, कारण गिऱ्हाइकाला राक्षस हवा होता. अख्खा ऑगस्ट तो कोरत होता. खऱ्या तीनबोटी पावलाच्या शेजारी, त्याच शिळेवर.

"ते बोट तरी सरळ कर की रे," मी म्हटलं. "लाज वाटते मला."

"आहे तसंच राहू दे," ओडेल म्हणाला. "सरळ बोटं काय, सगळ्यांनाच असतात."

गिऱ्हाईक आलंच नाही. शिळा ओढ्याकाठी पडून राहिली, मग एका पुरात गाडली गेली. मी पुढच्या वर्षी हर्शेल स्टबलफील्डशी लग्न केलं. का, ते विचारू नका. हर्शेलच्या बापाचा पेट्रोल पंप होता.

तीस वर्षांनी आमच्या पास्टरला, म्हणजे थोरल्या प्रुइटला, चर्चची जागा सपाट करताना ती शिळा सापडली. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात महाकाय माणसं आहेतच, आणि पाऊल निघालं अठरा इंची. डायनोसॉर आणि माणूस एकाच चिखलात, एकाच दिवशी चाललेले, साडेचार हजार वर्षांपूर्वी, जलप्रलयाच्या आधी, मग कोट्यवधी वर्षांच्या गप्पा कशाला? चर्चनं म्युझियम बांधलं, गावात दोन मोटेलं आली. हर्शेल म्युझियमचा पहिला दरवान झाला आणि मरेपर्यंत राहिला. ओडेल खाणीत कामाला होता आणि खाणीचा मालक चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी. ओडेल गप्प बसला. मीही गप्प बसले. कोरणारे बाकीचे एकेक करून मातीत गेले आणि खोटं तेवढं धडधाकट राहिलं.

ओडेलची नात रोवेना आमच्या हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायची. आईबाप लहानपणीच गेले, ओडेलनं वाढवली. गेल्या दोन वर्षांपासून ओडेलचे हात सारखे थरथरतात, त्याला सूप तीच भरवायची. ऑक्टोबरमध्ये वर्गात एका पोरीनं हात वर करून तिला विचारलं, "मिस टॅकेट, तुम्ही तिथे होतात का?"

हा प्रश्न आमच्या रविवारच्या शाळेत आठव्या वर्षीच शिकवतात. बाई म्हणाल्या की पृथ्वी फार जुनी आहे, की लगेच विचारायचं: तुम्ही तिथे होतात का? बाई नाही म्हणणारच. मग म्हणायचं: पण देव होता. धाकटा प्रुइट, आताचा आमचा पास्टर, स्वतः पोरांकडून हे घोकून घेतो.

रोवेना म्हणाली, "मी नव्हते. पण म्युझियममधलं ते पाऊल कोरलेलं आहे, आणि ज्यांनी कोरलं ते माझ्या घरी बसून आत्ता रेडिओ ऐकताहेत."

संध्याकाळपर्यंत गावातला एकही फोन रिकामा नव्हता. शाळा मंडळानं तिला पत्र दिलं: लेखी माफी मागा, नाहीतर गुरुवारी सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सुनावणी होईल आणि नोकरी राहील की जाईल ते तिथेच ठरेल. माफी मागेल तर ती टॅकेट कसली!

बुधवारी ओडेल माझ्या ओसरीवर आला. हातातला गोड चहाचा पेला निम्मा सदऱ्यावर सांडला.

"लीना, मी उद्या सांगणार आहे. पोरीची नोकरी गेली तर आसपासच्या चार काउंटींत तिला कुणी दारात उभं करणार नाही. तू येशील?"

"येईन."

"बोलशील?"

"बघू," मी म्हटलं.

काय बघायचं होतं मला? हर्शेलशी वाङ्निश्चय झालेला असताना अख्खा ऑगस्ट माझा उघडा पाय ओडेलच्या मांडीवर होता, हे सगळ्या गावापुढे सांगायचं होतं. सत्त्याहत्तराव्या वर्षीही बाईला अब्रूची भीती असते. हसा खुशाल.

गुरुवारी व्यायामशाळा भरली होती. बायांनी घरी भाजलेले पीचचे कॉब्लर आणि पीकनचे केक आणले होते. आमच्याकडे कुणाचा गळा कापायचा असला तरी आधी गोड खाऊ घालतात. मंडळाचे पाच जण टेबलामागे बसले. टेबलाच्या बाजूला गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं.

पास्टर, म्हणजे आमचा ब्रदर प्रुइट, उठला. आवाज लोण्यासारखा. "मी काही शास्त्रज्ञ नाही, साधा माणूस आहे. मिस टॅकेटला मी बहीण मानतो. आमचं म्हणणं इतकंच, मुलांना दोन्ही बाजू कळू द्या. शास्त्रज्ञांचं तरी एकमेकांशी कुठे पटतं? दर दहा वर्षांनी त्यांचं पुस्तक बदलतं. आमचं बदललेलं नाही."

"आमेन," मागून आवाज आले.

रोवेना म्हणाली, "पुस्तक बदलतं, कारण चूक सापडली की आम्ही ती कबूल करतो. आणि ही चूक नाही, ही लबाडी आहे. कोरणारा माणूस इथे बसलाय."

ओडेल काठीवर जोर देऊन उभा राहिला. "ते पाऊल मी कोरलंय. वीस वर्षांचा होतो. गिऱ्हाइकासाठी कोरलं. तुम्ही पोरांना विचारायला शिकवता ना, तिथे होतात का म्हणून? मी होतो."

क्षणभर मला वाटलं, जिंकला माझा ओडेल.

प्रुइट हसला. "मिस टॅकेट, तुम्हीच मुलांना शिकवता ना, की विज्ञानात कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही? प्रयोग करून दाखवायचा?"

"हो," रोवेना म्हणाली. मग तिचं लक्ष गोणपाटाकडे गेलं आणि तिचा चेहरा उतरला.

प्रुइटनं गोणपाट उचललं. खाली चुनखडीची शिळा, छिन्नी, हातोडा. "मिस्टर ओडेल, आम्ही खुल्या मनाची माणसं आहोत. तुम्ही एक बोट कोरून दाखवा. एकच. मी स्वतः म्युझियमला कुलूप घालीन."

"हे काय चाललंय?" रोवेना ओरडली. "त्यांचे हात पाहा! त्यांना चमचा धरता येत नाही!"

"मग ते कोरलं कुणी?" प्रुइटनं हळूच विचारलं. लोक हसले.

ओडेल न गेला असता तर बरं होतं. पण गेला. खाणीतल्या माणसाला हत्यार दाखवलं की त्याला राहवत नाही. त्यानं छिन्नी उचलली, ती शिळेवर टेकवायला गेला आणि ती दगडावर टकटक वाजू लागली, थंडीत दात वाजतात तशी. त्यानं दोन्ही हातांनी धरली, मग हातोडा कशानं धरणार? काखेत काठी, कपाळावर घाम. पहिला घाव हवेत गेला. दुसरा अंगठ्यावर बसला.

"सावकाश, आजोबा!" मागून पशुखाद्याच्या दुकानाचा मालक ओरडला. "घाई नाही. साडेचार हजार वर्षं आहेत हाताशी!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! ज्यांच्या बापांना ओडेलनं कोसळलेल्या खाणीतून ओढून काढलं होतं, तेही हसत होते. मंडळाच्या अध्यक्षानं तोंडावर रुमाल धरला. ओडेलनं तिसरा घाव घातला. अंगठ्याचं रक्त शिळेवर पडलं आणि शिळेचा टवकाही उडाला नाही.

"बंधूभगिनींनो," प्रुइट म्हणाला, "हे काम माणसाच्या हातचं नाही, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली, पण उशिरा गेली. ती पहिल्या घावाआधी जायला हवी होती. दोन रांगा पुढे बसलेली इडा मे मान वळवून माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या डाव्या बुटाकडे. तिच्या शेजारच्या दोघीही तिकडेच बघत होत्या. या बाया म्युझियममध्ये दर वर्षी पोरांची सहल नेतात. त्यांना ठाऊक होतं! तीस वर्षं ठाऊक होतं.

मी उठले, पुढे गेले, खुर्चीवर बसून बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्या शिळेवर ठेवला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हटलं. "बघा हे बोट. आणि म्युझियममध्ये जाऊन ते बघा. ओडेलनं माझ्या पायाची मापं घेतली आणि दुप्पट केली. मी हर्शेलशी ठरलेली होते आणि पाय ओडेलच्या मांडीवर होता. घ्या, चघळा आता!"

कुणी चघळलं नाही. प्रुइट माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माझी टाच तळहातावर घेतली, विधीच्या दिवशी घेतात तशी. बोट पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं. मग वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की त्याला सगळं कळलं आहे. पुरतं कळून चुकलेला माणूस कसा दिसतो ते मी सत्त्याहत्तर वर्षांत खूपदा पाहिलंय.

तो उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, देवाशपथ.

"आमेन म्हणा," तो म्हणाला. "लोकहो, देवानं आज आपल्याला काय दाखवलं! तेच बोट! जलप्रलयाआधी त्या चिखलातून जो चालत गेला, त्याचंच रक्त आपल्या मिस ऑर्लीनाच्या अंगात आहे. साडेचार हजार वर्षांत ते बोट इतकंही हललं नाही. सांगा, कुठे आहे उत्क्रांती?"

"पाय निम्मा आहे, ब्रदर प्रुइट," रोवेना म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "बरोब्बर निम्मा. दोरीनं मोजा!"

"निम्मा असणारच! पापानं माणूस खुजा होत आलाय, असंच पवित्र शास्त्र सांगतं. मिस टॅकेट, तुम्ही आमचीच बाजू मांडताय."

"आणि मी सांगतेय ते?" मी ओरडले. "मी तिथे होते!"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतात ना, मिस ऑर्लीना. तुमच्या पूर्वजांच्या रूपानं होतात."

लोक उभे राहिले, कुणीतरी भजन धरलं. त्या गलक्यात ओडेल हातात छिन्नी घेऊन उभा होता, कारण ती त्याच्या हातातून कुणी काढून घेतलीच नव्हती. रोवेनानं ती घेतली आणि आपल्या ओढणीसारख्या पातळ स्कार्फनं त्याचा अंगठा बांधला. मतदान पाच विरुद्ध शून्य झालं, रोवेनाची नोकरी गेली. जाताना कुणीतरी तिला कॉब्लरची ताटली दिली.

ती नाताळापर्यंत नोकरी शोधत राहिली, पण तिची बातमी तिच्याआधी पोचायची. शेवटी शहरातल्या एका गोदामात लागली आणि ओडेलला काउंटीच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मी शनिवारी जाऊन त्याला सूप भरवायचे. एकदा तो म्हणाला, "लीना, तुझं ऐकायला हवं होतं. ते बोट सरळ कोरायला हवं होतं." फेब्रुवारीत तो गेला. दफनाचं प्रवचन प्रुइटनं केलं, आणि ते चांगलं जमलं.

मार्चमध्ये म्युझियमनं माझ्या पायाचा साचा मागितला. मी दार लावून घेतलं. तर त्यांनी त्या सभेतला फोटोच मोठा करून शिळेशेजारी टांगला.

मग पाय धुण्याचा गुरुवार आला. मी जाणार नव्हते, पण साठ वर्षं ज्या बाकावर बसले तो सोडून सत्त्याहत्तराव्या वर्षी जायचं कुठे? बायांची माझ्यापुढे रांग लागली. अनोळखी बायाही होत्या, ओक्लाहोमाहून बसनं आलेल्या, महाकायाच्या लेकीचा पाय धुवायला. इडा मेनं कोपरानं वाट काढली आणि आपली जागा घेतली. तीस वर्षांचा हक्क होता तिचा.

तिनं पाय घमेल्यात घेतला, पाणी सोडलं, बोटांच्या बेचक्या नीट धुतल्या. टॉवेलनं पुसताना करंगळीपाशी थांबली. मान खाली घालून, मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "ओडेलचा हात मात्र फार सुरेख होता हं."

तिनं टॉवेलची घडी घातली, तोंड वर केलं आणि सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणाली, "आमेन."

मग मी तिला उजवा पाय दिला.