रिकाम्या पायऱ्या

तळ्याकाठच्या पार्कात मल्हाररावांनी पोहायला घाट बांधला, तेव्हापासून तिथं एकच कायदा होता: चपला पायरीवर काढायच्या, मगच पाण्यात उतरायचं. मग तो गारखेड्याच्या साहेबाचा पोरगा असो, नाहीतर पाचोडचा पाव्हणा. दिवस मावळताना पायरीवर चप्पल उरली, तर पाण्यात माणूस उरलं म्हणून समजायचं. या एका कायद्यावर दोन पिढ्या पोहायला शिकल्या आणि तळ्यानं कुणाचा जीव घेतला नाही.

मल्हाररावांच्या माघारी ही राखण त्यांच्या सुनेकडं, कस्तुराबाईंकडं आली. त्या संध्याकाळीही त्यांनी पायऱ्यांवरून नजर फिरवली. एकही चप्पल नव्हती. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि घरची वाट धरली.

थोडं पुढं जाताच त्यांच्या तळपायात काटा रुतला. तो काढायला वाकल्या आणि स्वतःच्या उघड्या पायाकडं बघतच राहिल्या. नवरात्र चालू होतं. त्यांच्यासारखं अर्धं शहर देवीसाठी अनवाणी फिरत होतं. आज कित्येकांनी पायरीवर काही काढलंच नसणार!

त्या तशाच माघारी फिरल्या. कुलूप उघडून त्या पाण्याकडं धावल्या.

"कोण हाय का आत? ओ द्या की कुणीतरी!"



तेवढ्यात पुंडलिकनगरची आशाबाई धापा टाकत फाटकातून आत आली. "मावशी, आमची सायली पोहायला आली ती. अजून घरी नाय आली वो."

"पायात चप्पल होती का तिच्या?"

"नाय," काळजीतही आशाबाई जरा कौतुकानंच म्हणाली, "औंदा पहिल्यांदाच तिनंबी माझ्यासंगं अनवाणी नवरात्र धरलंय."