सुटलेला ठिपका

विरुपाक्ष सरांनी नायट्रोजनचा कॅन उलटा धरून हलवला. वाफेची एक फुंकरही बाहेर आली नाही. त्यांनी तो फरशीवर असा आदळला, की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक शिकवता शिकवता थांबले.

खरेदी विभागानं द्रव नायट्रोजनसाठी तीन कोटेशनं मागितली होती. हवेतून काढलेल्या वस्तूला तीन कोटेशनं. सरांनी अर्ज केले, विनंत्या केल्या, एकदा तर तिथल्या साहेबाच्या टेबलावर हातही आपटला. साहेबानं हसून चहा मागवला. या देशात संशोधकाला चहा वेळेवर मिळतो, बाकी काही मिळत नाही.

आणि उद्या सत्कार होता. निकेलच्या एका संयुगाचा पातळ थर सर आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी बुद्धप्रिया खूप दिवस थंड करून मोजत होते. गेल्या महिन्यात एका तापमानाला त्याचा विजेला होणारा विरोध खाडकन शून्यावर आला. खरं असेल, तर तो नवा अतिवाहक ठरणार होता आणि सोलापुरातल्या या गळक्या प्रयोगशाळेचं नाव जगात जाणार होतं. शोधनिबंध पाठवून झाला होता. विभागप्रमुखांना कुणकुण लागताच त्यांनी सरांच्या फोटोचा फ्लेक्स गेटवर लावला, पाहुणे ठरवले, शाली आणल्या. सरांना मात्र तारांच्या जोडण्या नव्यानं करून एकदा, फक्त एकदा, तेच शून्य पुन्हा बघायचं होतं.

"वळसंगला जाऊ या सर," बुद्धप्रिया म्हणाली. "जनावरांच्या दवाखान्यात असतो की. आमच्या मामानं बघितलाय."

दवाखान्यात वळूंच्या गोठवलेल्या रेतमात्रांच्या पिंपापाशी डॉक्टर अमृत उभे होते. त्या मात्रा नायट्रोजनमध्येच ठेवतात. नायट्रोजनची पुढची गाडी कधी येईल त्याचा त्यांनाही भरवसा नव्हता, तरी त्यांनी निम्मा कॅन भरून दिला. वर म्हणाले, की आमचे वळू आणि तुमचे विद्यार्थी, दोघांनाही गारच ठेवावं लागतं बघा. बुद्धप्रिया हसली. सर हसले नाहीत. माजावर आलेली गाय घेऊन दारात थांबलेली चंद्रव्वा मात्र डोळे वटारून कॅनकडे बघत होती.

"ह्यो मास्तर आमच्या गाईचं न्हेतोय व्हय?" तिनं डॉक्टरांना विचारलं. "मास्तराला काय गाभण ऱ्हायाचं हाय?"

सर मान खाली घालून गाडीत बसले. परतीच्या रस्त्यावर कुंभारी गाव मागे पडलं. मग ते सगळ्यांवर घसरले. खरेदी विभाग, विभागप्रमुख, निधी देणारे, निधी खाणारे, न वाचता टाळ्या वाजवणारे. कुणालाच खरं नको, सगळ्यांना फोटो हवाय, असं ते म्हणत राहिले. बुद्धप्रिया मांडीवरचा कॅन दोन्ही हातांनी घट्ट धरून ऐकत होती. तिची फेलोशिप याच महिन्यात संपत होती आणि तिचा प्रबंध त्या एका शून्यावर उभा होता.

जोडण्या सरांनी स्वतः केल्या. जुन्या तारा चांदीच्या पेस्टच्या ठिपक्यांनी चिकटवल्या होत्या. त्यातल्या एकाला सुईचं टोक लागलं आणि निम्मा ठिपका अलगद निघून आला. सरांनी तो बघितला. बुद्धप्रियानंही बघितला. त्यांनी नवी पेस्ट कडेपासून कडेपर्यंत सरळ ओढली, वाळू दिली, मग थर भांड्यात सोडला आणि नायट्रोजन ओतला.

पडद्यावर रेघ निघाली. थर गार होत गेला, रेघ हळूहळू उतरत गेली. ते तापमान जवळ आलं तशी सरांनी खुर्चीची दांडी धरली. रेघ त्या जागेवरून गेली. तशीच, शांतपणे, गावातून न थांबता जाणाऱ्या एसटीसारखी. शून्य आलंच नाही.

सांगायची गरज दोघांनाही नव्हती. गारठ्यानं तो ठिपका निम्मा सुटत होता आणि वीज थराच्या एकाच कडेनं पळत होती. दुसऱ्या कडेच्या मोजणाऱ्या दोन तारांच्या मध्ये काही वाहतच नव्हतं, म्हणून यंत्र शून्य दाखवत होतं. शून्य थराचं नव्हतं. चिकटवण्याचं होतं.

"ही फाइल आत्ता राहू दे," सर म्हणाले. "सॅम्पल हवेनं खराब झालं असेल. उद्याचं उरकू दे, मग सावकाश बघू."

बोलून झाल्यावर ते बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. बोटांवरची चांदी निघाली, तरी नळ चालूच होता.

परत आले तेव्हा बुद्धप्रिया लॅपटॉप मिटत होती.

"काय केलंस?"

"पाठवला आलेख. संपादकांना, आणि आपल्या विभागप्रमुखांना. आधीचा चुकीचा होता, ठिपका सुटला होता, असं लिहिलं."

सरांच्या कपाळावरची शीर उठली. तोंड उघडलं, पण ज्यांना शिव्या घालायच्या त्यांच्यातलं खोलीत कुणीच नव्हतं. फक्त ही पोरगी होती, जिचं सगळ्यात जास्त गेलं होतं.

"माझ्या नावानं पाठवलंस?"

"नाही सर. माझ्या एकटीच्या." तिनं वायर गुंडाळली. "तुम्ही अजून ठरवलं नव्हतं की."

व्हरांड्यात कुणीतरी उद्याच्या खुर्च्या ओढत होतं. फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज येत राहिला. सर स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी लॅपटॉप उघडून तिच्याकडे सरकवला.

"परत पाठव," ते म्हणाले. मग घरी आईशी बोलत तसं, खालच्या आवाजात, "माझं बी नाव घाल."